गिरणी कामगार चळवळ, मुंबईतील
गिरणी कामगार चळवळ, मुंबईतील : मुंबई शहरातील कापड गिरण्यांतील कामगारांनी नोकरीची शाश्वती, वाजवी वेतन, कामाचे मर्यादित तास, सुरक्षितता आणि संघटनेचा हक्क यांसाठी केलेली संघटित चळवळ. भारतातील आधुनिक कामगार चळवळीचा प्रारंभ बहुतांशी या चळवळीपासून मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्ज-विनंत्यांच्या स्वरूपात सुरू झालेली ही चळवळ विसाव्या शतकात सार्वत्रिक संपांपर्यंत पोहोचली. १९८२ च्या संपानंतर गिरणीधंद्याचीच पडझड झाल्यामुळे तिचे स्वरूप पालटले.

पार्श्वभूमी : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झाले आणि मुंबईच्या कापड उद्योगाचा पाया घातला गेला. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, वरळी, नायगाव व दादर या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या. हाच परिसर पुढे ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कामगारांचा मोठा भरणा रत्नागिरी जिल्हा व कोकणचा इतर भाग, सातारा, कोल्हापूर, पुणे व अहमदनगर या भागांतून येई. उत्तर हिंदुस्थानातील कामगारांची संख्या नंतर वाढत गेली. घरची शेती कुटुंबास पुरेशी नसे आणि गिरणीतील मजुरी मुंबईत बिऱ्हाड थाटण्यास अपुरी पडे. त्यामुळे बहुतेक पुरुष एकटेच येत, गाववाल्यांबरोबर चाळीतील खोलीत राहत आणि खानावळीत जेवत. गाव आणि गिरणी यांतील हा दुहेरी संबंध चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. कारण दीर्घ संपाच्या काळात कामगारास गावाचा आधार मिळे.

आरंभीच्या काळात कामाचे तास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असत. विजेचे दिवे आल्यानंतर काही गिरण्यांत ते चौदा-पंधरापर्यंत वाढले. साप्ताहिक सुटी नव्हती, पगार महिनोन्‌महिने थकत असे आणि लहानसहान चुकांबद्दल दंड कापला जाई. कामगारभरती जॉबर किंवा मुकादमाच्या हाती आणि स्त्री-कामगारांच्या खात्यांत नायकिणीच्या हाती असे. नोकरी देणे व काढून घेणे, बदली कामगारास काम देणे, उसने पैसे देणे यांमुळे त्यांचा कामगारांवर मोठा वचक होता. कायम नोकरी नसलेल्या बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहून कोणी गैरहजर आहे काय याची वाट पाहावी लागे. ‘नोकरीची शाश्वती’ ही मागणी चळवळीत पुनःपुन्हा पुढे आली, तिचे मूळ या भरतीपद्धतीत आढळते.

प्रारंभीचे प्रयत्न : सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ च्या सुमारास कारखान्यांतील कामाच्या तासांसंबंधी कायदा व्हावा म्हणून प्रयत्न केले. १८८१ च्या पहिल्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे कामाचे तास नऊवर आणले आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. प्रौढ कामगारांना मात्र या कायद्याने काहीच संरक्षण दिले नाही.

ही उणीव मांडण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी केले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेले लोखंडे १८८० पासून दीनबंधु या पत्राचे संपादन करीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आधीच्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळणे आणि अपघातात जखमी झालेल्यास काम करता येईपर्यंत वेतन, अशा मागण्या त्यात होत्या. वेतनवाढीपेक्षा विश्रांती, नियमितपणा व अपघातातील संरक्षण यांना या यादीत अधिक स्थान आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. ‘बाँबे मिलहँड्‌स असोसिएशन’ ही लोखंडे यांची संस्था आजच्या अर्थाने कामगार संघ नव्हती. तिला सभासदांची नोंद, वर्गणी वा घटना नव्हती. तथापि २४ एप्रिल १८९० रोजी तिच्या वतीने भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या अधिनियमाने साप्ताहिक सुटी व मधली विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांचे कामाचे तास अकरावर व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सातवर आणण्यात आले.

लोखंडे यांच्यानंतर काही काळ चळवळ मंदावली. सी. के. बोले प्रभृतींच्या कामगार हितवर्धक सभेने (१९०९) आणि ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (१९११) कामगारवस्तीत शिक्षण, आरोग्य व तंटेनिवारण यांचे काम केले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. आपल्या सामर्थ्याची जाणीव त्यांना या संपात झाली.

संघटित पर्व : पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना मोठा नफा झाला; पण महागाईच्या मानाने मजुरी वाढली नाही. त्यातून १९१९ व १९२० मध्ये सार्वत्रिक संप झाले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १९२४ चा बोनससाठीचा संप फसला. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के मजुरीकपात जाहीर केली, तेव्हा कामगार पुन्हा संपावर गेले. सरकारने कापडावरील साडेतीन टक्के उत्पादनशुल्क स्थगित केल्यानंतर मालकांनी कपात मागे घेतली. पुढच्याच वर्षी ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. कामगार संघ अधिनियमही १९२६ मध्येच संमत झाला. त्यामुळे नोंदणीकृत संघांना कायदेशीर अस्तित्व लाभले आणि संपाबद्दल कटाच्या आरोपाखाली खटला होण्याची भीती बरीच कमी झाली. हा अधिनियम पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन करण्यात आला.

१९२८ चा संप हा या चळवळीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. जपानी मालाच्या स्पर्धेस तोंड देण्यासाठी मालकांनी ‘कार्यक्षमता योजना’ आणली. दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत आणि सूतखात्यातील कामगाराने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असे तिचे स्वरूप होते. उरलेल्या कामगारांची कामे त्यामुळे जाणार होती. एप्रिलच्या अखेरीस जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत संपावर राहिले. दोन कोटींहून अधिक मनुष्यदिवस वाया गेले. याच काळात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अ. आ. आळवे व गो. रा. कासले हे कामगारांतून आलेले पुढारी आणि श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१), निंबकर, जोगळेकर व मिरजकर हे कम्युनिस्ट नेते तिच्या अग्रभागी होते. ना. म. जोशी यांच्यासारख्या नेमस्त नेत्यांसह त्यांनी संयुक्त संप समिती बनविली आणि सतरा मागण्या मांडल्या. फॉसेट चौकशी समिती नेमण्याच्या तडजोडीवर संप मिटला. त्यानंतर युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली व खात्याखात्यांत गिरणी समित्या उभ्या राहिल्या. मार्च १९२९ मध्ये मीरत कट खटल्यात प्रमुख नेत्यांना अटक झाली आणि त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला. परिणामी संघटना विस्कळीत झाली.

जात व स्त्रिया : गिरणीतील खाती जातिभेदापासून मुक्त नव्हती. तुटलेला धागा जोडताना तोंडाचा उपयोग करावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यात प्रवेश नाकारला जाई आणि त्यांना मुख्यतः सूतखात्यात काम मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. अस्पृश्यांचे हक्क मान्य न करणारी कामगार एकजूट अपुरी आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या एकदिवसीय संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले. संपाचा हक्क हा कामगाराच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे आंबेडकरांचे प्रतिपादन या संदर्भात उल्लेखनीय आहे.

१९२०–३० च्या सुमारास कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग खात्यांत असत. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ अधिनियमाने त्यांना काही संरक्षण मिळाले. परंतु रात्रपाळीची बंदी, प्रसूतिलाभाचा खर्च व नवी यंत्रे यांमुळे मालकांनी त्यांची भरती कमी केली. संघांनीही त्यांच्या नोकऱ्या टिकविण्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

सुरक्षितता व कायदे : कापसाच्या पिंजणीतील धूळ, विणाई खात्यातील कृत्रिम दमटपणा, मागांचा कानठळ्या बसविणारा आवाज आणि उघडे पट्टे ही गिरणीतील नित्याची संकटे होती. १९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाने अपघातग्रस्तास नुकसानभरपाईचा हक्क दिला. कामाचा आठवडा १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४ व १९४६ मध्ये ४८ तासांचा झाला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने आजारपणाच्या काळातील लाभांची व्यवस्था केली. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराचा प्रश्न मात्र वेतन व बोनस यांच्या मानाने मागेच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने उद्योगातील एकाच संघाला ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून वाटाघाटीचा अनन्य अधिकार दिला. हे स्थान इंटकशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. १९४७ च्या निवाड्याने मजुरीचे प्रमाणीकरण झाले व महागाई भत्त्याची पद्धत स्थिरावली. तथापि, ज्या संघाच्या मागे कामगार आहेत त्याला वाटाघाटीचा अधिकार नाही आणि ज्याला तो अधिकार आहे त्याच्या मागे कामगार नाहीत, असा पेच वारंवार उद्‌भवू लागला. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी ६३ दिवसांचा संप केला. तो फलद्रूप झाला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने चळवळीचा विचार चाळींपर्यंत नेला.

बोनसच्या करारावरील असंतोषातून कामगारांनी १९८१ च्या अखेरीस डॉ. दत्ता सामंत (१९३२–९७) यांच्याकडे नेतृत्व सोपविले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा कायदा रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. शासनाने अधिकृत संघाखेरीज कोणाशी बोलण्यास नकार दिला. मालकांना साचलेला माल खपविण्यास अवधी मिळाला व भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर उत्पादन वळले. १९८३ मध्ये १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र शासनाने ताब्यात घेतले. संप कधीही औपचारिक रीत्या मागे घेण्यात आला नाही. तो हळूहळू विरून गेला. सुमारे एक लाख कामगार कायमचे कामाबाहेर पडले, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

गिरण्यांच्या जमिनी : गिरण्या बंद पडू लागल्यावर संघर्षाचा विषय नोकरीवरून जमिनीकडे वळला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागांसाठी व तेवढाच भाग गृहनिर्माणासाठी मिळणार होता. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती मर्यादित झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. दत्ता इस्वलकर (मृत्यू २०२१) यांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने थकीत देणी व घरे यांसाठी दीर्घकाळ लढा दिला. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. घरांची संख्या मात्र अर्जदारांच्या मानाने फारच अपुरी होती.

मूल्यमापन : रविवारची सुटी, मर्यादित कामाचे तास, अपघातभरपाई, महागाई भत्ता व बोनस हे लाभ या चळवळीने केवळ गिरणी कामगारांनाच नव्हे, तर देशातील संघटित कामगारवर्गाला मिळवून दिले. यंत्रांच्या फेरबदलाचा भार एकट्या कामगारावर पडू नये, हा १९२८ मध्ये मांडलेला प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक उद्योगात पुन्हा उभा राहिला. राजकीय पक्षांतील फूट, जाती व स्त्रिया यांच्या प्रश्नांची उपेक्षा आणि यंत्रमागावरील असंघटित कामगारांशी न जुळलेले नाते, या तिच्या मर्यादा होत्या. यांपैकी शेवटची मर्यादा निर्णायक ठरली. कारण ज्या यंत्रमागांवर गिरण्यांचे काम गेले, तेथे लोखंडे यांनी १८८४ मध्ये मागितलेल्या साप्ताहिक सुटीची व अपघातातील संरक्षणाचीही खात्री सर्वांना नव्हती.