अडीच सुताचा आटा

लातूरच्या एका तरुणाचा पूलचा क्यू गेल्या वर्षी नांदेडच्या एका लेथवर आला. काठी दोन भागांची, मधल्या जोडाला स्टीलचा स्क्रू. समोरच्या भागातले आटे झिजले म्हणून त्याने कुठेतरी नवा पितळी बुश बसवून घेतला होता. स्क्रू शेवटपर्यंत आत जाई, तरी चार-सहा फटक्यांत जोड सैल पडे. टर्नर म्हणाले, "माप तर बरोबर आहे. अडीच सूत, अठरा आटे."

माप खरेच बरोबर होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. अमेरिकी क्यूंच्या रूढ जोडांपैकी एक हाच, इंचाला १८ आट्यांचा.

बिलियर्ड्स म्हटले की आपल्याला पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स आणि त्यांचे १९५८ चे विश्वविजेतेपद आठवते. काठीच्या सांध्याचा इतिहास कोण विचारतो? तो सुरू होतो १८४१ मध्ये. तोवर इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे स्क्रू जमवून त्यांच्यातून एक प्रमाण काढले. आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंश सुचवला, कारण तो कापायला सोपा. अर्ध्या इंचाला इंग्रजी आटे १२, अमेरिकी १३. तिथे नट चढतच नाही, चूक लगेच कळते. अडीच सुताला मात्र दोन्हीकडे १८. तिथे चूक लपते.

आपल्याकडे व्हिटवर्थ आला तो इंग्रजी यंत्रांबरोबर. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, तिची इंजिने लीड्सची. पुढे गिरण्या, तेलघाणे, पाण्याचे पंप. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण सूत अजून तोंडात आहे आणि जुने टॅप पेटीत.

असाच एक टॅप त्या बुशात फिरला असावा. ६० अंशांचा स्क्रू ५५ अंशांच्या आट्यात पूर्ण उतारावर टेकत नाही, बारीक रेषेवर टेकतो. पितळ दबते आणि पकड जाते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्क्रू फक्त ओढतो. काठी सरळ ठेवतात ती जोडाची दोन तोंडे. एकवीस मिलिमीटर व्यासाच्या तोंडात ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी, तिरपेपणा राहिला, तर एकोणतीस इंचांवरचे टोक जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर बाजूला जाते. म्हणून बुश बसवल्यावर, काठी लेथवरून न काढता, त्याच पकडीत तोंड मारायचे असते. टर्नरांना हे सांगावे लागले नाही. पंपाचे शाफ्ट ते तसेच करत आले आहेत.

बुश नवा केला, ६० अंशांचा टॅप हैदराबादहून मागवला. टर्नरांच्या पेटीत आता अडीच सुताचे दोन टॅप आहेत. एकावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला आहे.