नांगर, अंगठा, ब्राउझर : पालघरमधील ओळखखुणांचा इतिहास

ब्राउझर फिंगरप्रिंटिंग हे इंटरनेटवर माणूस ओळखण्याचे तंत्र आहे. त्यासाठी नाव विचारावे लागत नाही आणि त्याच्या फोनवर किंवा संगणकावर काही ठेवावेही लागत नाही. संकेतस्थळ यंत्राच्या बारीकसारीक गोष्टी टिपते : पडद्याचा आकार, घड्याळाची वेळ, भाषा, टंक, चित्र काढण्याची ढब. यांतली प्रत्येक गोष्ट लाखो यंत्रांत सापडते, पण सगळ्यांची नेमकी तीच जुळणी क्वचितच दुसरीकडे आढळते. तंत्र नवे असले तरी खुणेवरून माणूस ठरवण्याचा व्यवहार जुना आहे. पालघर जिल्ह्यात त्याचे बरेच टप्पे एकामागून एक येऊन गेले : जमीनदाराच्या कागदावरचा अंगठा, सातपाटीच्या कोळ्यांचे बायोमेट्रिक कार्ड, शिधावाटप दुकानातले ई-पॉस यंत्र आणि देशभर गाजलेले २०१२ चे फेसबुक प्रकरण.

जुन्या मराठी कागदपत्रांत लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी निशाणी करी. पाटलाच्या किंवा शेतकऱ्याच्या नावाशेजारी नांगर, बाईच्या नावाशेजारी बांगडी. ही निशाणी एकट्याची नसे. नांगर पाहून सही करणारा कुणबी एवढेच कळे. तो कोणता, हे कागदातले नाव आणि साक्षीला बसलेले गावकरी सांगत. ओळख पटवण्याचे काम माणसेच करत, खूण फक्त मान्यता दाखवी.

इंग्रजी न्यायालये आल्यावर ही व्यवस्था पुरेनाशी झाली. न्यायाधीश परका, साक्षीदार लांबचे, आणि सावकाराने पुढे केलेला कागद खरा की खोटा हे ठरवायला आधार नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची अट घातली. त्याच काळात बंगालमध्ये वेगळा उपाय आकाराला येत होता. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये जंगीपूर येथे रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून तळहाताचा ठसा घेतला. हेतू एवढाच होता की पुढे त्याने करार नाकारू नये. १८७७ मध्ये हुगळीला त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. ठशांची वर्गवारी लावण्याची पद्धत एडवर्ड हेन्री याच्या नावावर आहे, पण तिचे बरेचसे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी बसवले. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे विभाग सुरू झाला, १८९९ मध्ये ठसेतज्ज्ञाची साक्ष पुराव्याच्या कायद्यात आली आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली. साम्राज्याच्या वसाहतीत घडलेली ओळखविद्या राजधानीत पोचली, हा प्रवास सहसा उलट्या दिशेने सांगितला जातो.

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी डहाणू, तलासरी, पालघर, वाडा हा ठाण्याचा उत्तर भाग होता. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते. या पट्ट्यात अंगठ्याला आलेला अर्थ हर्शेलच्या मनातल्या अर्थापेक्षा वेगळा होता. जमिनी जमीनदार आणि सावकारांकडे गेलेल्या, वारली कुळे पावसाळ्यात खावटीसाठी धान्य उचलत, लग्नासाठी पैसे काढत आणि ते फेडण्यासाठी नवराबायको वर्षानुवर्षे त्याच मालकाकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. कागद असलाच तर त्यावर अंगठा, नसला तर हिशेब मालकाच्या वहीत. ठसा खोटा नसे, पण त्याच्या वर काय लिहिले आहे ते ठसा देणाऱ्याला वाचता येत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात या वेठबिगारीची नोंद झाली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा लढा पेटला. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले, तरी लग्नगड्याची पद्धत त्या लढ्याने मोडली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे आहे. ओळख पटणे आणि संमती असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे या भागात इंटरनेटच्या कितीतरी आधी स्पष्ट झाले होते.

‘निशाणी डावा अंगठा’ पुढे सरकारी दप्तरात रुळला. २००१ च्या दुरुस्तीने मालमत्तेच्या नोंदणीत साक्षर-निरक्षर असा भेद न ठेवता सगळ्यांचेच फोटो आणि ठसे घेण्याची तरतूद झाली. पण बोटांचा ठसा कागदावरून संगणकात जाण्याला या किनाऱ्यावर खरे कारण मिळाले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. हल्लेखोर ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आले होते, त्यामुळे संशयाची नजर समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाकडे वळली. केंद्र सरकारने २००९ च्या अखेरीस सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्र देण्याची योजना आणली. सातपाटी, मुरबे, डहाणू या बंदरांतले खलाशी तिच्या कक्षेत आले. किनाऱ्यावरच्या गावांतल्या इतर रहिवाशांसाठीही राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीखाली वेगळी ओळखपत्रे काढण्यात आली. तारापूरच्या आसपास या सावधगिरीला आणखी एक कारण होते : तिथला अणुऊर्जा प्रकल्प १९६९ पासून चालू आहे आणि त्याची भिंत समुद्राला लागून आहे.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. पुढच्या काही वर्षांत राज्यातल्या शिधावाटप दुकानांत ई-पॉस यंत्रे आली आणि धान्यासाठी अंगठा रोजचा झाला. वीटभट्टी, मीठागर, दगडखाण अशा कामांत बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा नाकारते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामगाराची हजेरीही मस्टरवरून ठशाच्या यंत्रावर गेली. या सगळ्या ठशांबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते : बोट ठेवणाऱ्याला आपण बोट ठेवतो आहोत हे माहीत असते. बोट मागे घेण्याची किंमत मोठी असेल, पण ठसा गुपचूप घेतला जात नाही.

पालघरचे नाव देशाच्या इंटरनेट-इतिहासात आले ते वेगळ्याच वाटेने. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई व परिसर बंद झाला. पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो मजकूर लाइक केला. तक्रार झाली, जमावाने मजकूर लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि १९ नोव्हेंबरला दोघींना अटक होऊन जामिनावर सुटका झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे कलम, होते. त्याच महिन्यात पोलिस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने ६६-अ रद्द केले.

त्या प्रकरणात पोलिसांना कोणाचा माग काढावा लागला नव्हता. मजकुरावर नाव होते. निकालाने नाव देऊन लिहिणाऱ्याला संरक्षण दिले. नाव न देता नुसते वाचणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्यात आलाच नाही, आणि ब्राउझर फिंगरप्रिंटिंगचा रोख नेमका त्याच्यावर असतो. कोणता आजार शोधला, कोणत्या कर्जाची चौकशी केली, कोणत्या पक्षाची बातमी उघडली, हे जोडून ठेवायला नावाची गरज पडत नाही.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली याने कुकी आणली, ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर ठेवलेली चिठ्ठी होती, पुसता येई. लोक पुसू लागले तेव्हा न पुसता येणारी खूण शोधणे जाहिरातदारांना भाग पडले. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनमधल्या पीटर एकर्सली याने ४,७०,१६१ ब्राउझरांची तपासणी केली. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. सरासरी खुणेत किमान १८.१ बिट माहिती होती, म्हणजे २,८६,७७७ ब्राउझरांत एखादाच तसा. प्रत्येक बिटाने गर्दी निम्मी होते. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या भागाची लोकसंख्या २९,९०,११६. प्रत्येकाकडे एकेक ब्राउझर आहे असे धरले, तर १८.१ बिटांनी उरतात सुमारे दहा जण, आणि २२ बिटांत अख्ख्या जिल्ह्यातून एक माणूस वेगळा काढता येतो.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉवरी आणि शॅखम यांनी कॅनव्हासची युक्ती दाखवली : ब्राउझरला एक अदृश्य चित्र काढायला लावायचे, ग्राफिक्स चिप आणि टंकांनुसार प्रत्येक यंत्राचे चित्र किंचित वेगळे उतरते. दोनच वर्षांत प्रिन्स्टन आणि ल्यूव्हेनच्या संशोधकांना आघाडीच्या एक लाख संकेतस्थळांपैकी साडेपाच टक्क्यांवर ही युक्ती चालू असलेली आढळली. २०१८ च्या फ्रेंच अभ्यासाने चित्र थोडे सौम्य केले. वीस लाखांहून अधिक खुणांत ३३.६ टक्के एकमेव निघाल्या आणि मोबाइलवर त्याहून कमी, १८.५ टक्के. पालघरसारख्या भागात इंटरनेट मुख्यतः मोबाइलवर, त्यातही मोजक्याच स्वस्त नमुन्यांच्या फोनवर चालते, ही इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडणारी गोष्ट आहे. हजारोंच्या हातात तोच फोन असेल तर एकटा उठून दिसत नाही. उलट तहसील कचेरीसमोरच्या डीटीपीच्या दुकानातला संगणक लगेच दिसतो. त्यावर श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने टंक, जुना प्रिंटर चालावा म्हणून जुनी विंडोज आणि ब्राउझरची भाषा मराठी. टंकांची यादी मागावीही लागत नाही. एकच शब्द वेगवेगळ्या टंकांत काढून त्याची रुंदी मोजली की कोणते टंक आहेत ते कळते. ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असलेले घड्याळ तर देशाचाही सुगावा देते.

बचावाच्या बाबतीत प्रचलित समजुती फारशा कामाच्या नाहीत. इन्कॉग्निटो खिडकी कुकी पुसते, खूण तीच राहते. व्हीपीएन पत्ता बदलतो, यंत्र बदलत नाही. वेगवेगळी एक्स्टेन्शन बसवली तर जुळणी आणखी दुर्मीळ होऊ शकते. खरे उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला सगळ्यांना सारखे दाखवण्याचा. टॉर ब्राउझर सगळ्यांची वेळ, टंक आणि पडद्याचा आकार ठरावीक करून सांगतो. २०१९ पासून खिडकी कितीही ताणली तरी मोजमाप पूर्णांकित जाते. फायरफॉक्समध्ये हीच सोय निवडता येते, आणि जानेवारी २०२० पासून तो माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांना आपणहून अडवतो. सफारीने २०१८ मध्ये सगळ्यांना ठरावीक टंकच दाखवायला सुरुवात केली. ही नांगराची पद्धत आहे : खूण आहे, पण ती सगळ्या जमातीची. दुसरा उपाय ब्रेव्ह ब्राउझरने २०२० मध्ये आणला. तो कॅनव्हास आणि ध्वनीच्या उत्तरांत दर संकेतस्थळाला आणि दर सत्राला थोडा वेगळा खोटेपणा मिसळतो, म्हणजे आजची खूण उद्या जुळत नाही.

पहिल्या उपायाची मराठी वाचकाला एक किंमत मोजावी लागते. टॉर ब्राउझर गोपनीयतेसाठी पानांची इंग्रजी आवृत्ती मागण्याचा सल्ला देतो, कारण मराठी मागणारे थोडे आणि थोड्यांत लपता येत नाही. गर्दीत मिसळण्याचा मार्ग गर्दीच्या भाषेतून जातो. भाषा मराठीच हवी असेल तर बाकीचे सगळे सर्वसामान्य ठेवणे : अद्ययावत ब्राउझर, नेहमीच्या मापाची खिडकी, एक्स्टेन्शन एखाददुसरे. बँकेच्या संकेतस्थळावर मात्र हा बचाव उलटू शकतो. अनोळखी यंत्रावरून व्यवहार होत असल्याचा संशय घ्यायला बँका हेच तंत्र वापरतात, आणि तिथे ते खातेदाराच्याच भल्याचे असते.

कायदा या विषयापर्यंत उशिरा आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद गेली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती सारी वैयक्तिक मानतो, त्यामुळे ब्राउझरची खूणही त्यात बसू शकते. संमतीची सूचना मराठीतही वाचता यावी अशी अट त्यात आहे, आणि मुलांचा माग काढण्यास मनाई आहे. सरकारी यंत्रणांना मात्र मोठ्या सवलती आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील असे त्यांत ठरले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गुगलने आपल्या जाहिरातदारांवरचा फिंगरप्रिंटिंगचा निर्बंध सैल केला होता आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने त्या निर्णयाला बेजबाबदार म्हटले होते.