कावेरीतला पाहुणा मासा

१९४६ साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत जे. डी वेट व्हॅन इंगेन यांच्या गळाला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर लागला. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरणाऱ्या म्हैसूरच्या प्रसिद्ध घराण्यातले हे गृहस्थ. गळाला लागला होता कुबड्या महसीर. पाठीला उंचवटा असलेली ही जात मूळची फक्त कावेरी खोऱ्यातली.

पुढे धरणे आली, डोहात सुरुंग टाकून मासे मारणारेही आले. एका स्फोटात लहान-मोठे सारेच उताणे. मग १९७२ साली स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ने नदीचा पट्टा कराराने घेतला, रखवालदार नेमले. हौशी गळवाल्यांनाही नियम लागला: नाचणीच्या गोळ्याला मासा लागला, की वजन करून वहीत लिहायचा आणि परत पाण्यात सोडायचा. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या धाकाने मासे राखले जातात. इथे ते काम शिस्तीने केले.

याच सुमारास लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावाकाठी महसीरची कृत्रिम पैदास साधली होती. पण ती निळ्या परांच्या महसीरची. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा कृष्णा खोऱ्यातला, अस्सल आपल्याकडचा मासा. त्याची बोटुकली कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. महसीर कमी झालेत, तर महसीर सोडा, इतका सरळ हिशोब. कोणता महसीर, हे विचारायचे राहून गेले.

कावेरीकाठी गालिबोरे येथे असलेल्या हौशी मासेमारीच्या तळावरच्या वह्यांतून १९९८ ते २०१२ या काळाचा हिशोब नंतर अभ्यासकांनी मांडला. २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महसीर. तासागणिक सापडणारे मासे वर्षागणिक वाढले, सरासरी वजन घटले. नदीत पिल्ले भरपूर येत होती, राखण फळली होती! मात्र जाती वेगळ्या करून पाहिल्यावर चित्र पालटले. वाढ होती पाहुण्याची. कुबड्या नाहीसा होत चालला होता.

तोवर तळ बंद झाले होते. संरक्षित जंगलात गळ टाकणे ही वन्यजीव कायद्याने शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि २०१२ नंतर अभयारण्यातली हौशी मासेमारी थांबली. तिच्याबरोबर वहीही थांबली, आणि नदीकाठची रोजची नजरही. हा निर्णय कायद्याला धरून असेल, माशाच्या हिताचा खचितच नव्हता.

गंमत म्हणजे, एवढ्या गाजलेल्या माशाला तोवर नक्की शास्त्रीय नावही नव्हते. ते २०१८ मध्ये निश्चित झाले: टोर रेमादेवी. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. लोणावळ्याहून गेलेल्या निळ्या परांच्या महसीरला मात्र आता त्या यादीत ‘किमान चिंता’ असा शेरा आहे.