रुप्याची फुलदाणी आणि तिच्या बुडाशीं असलेलीं नांवें

आपल्या घरांतील चांदीचें एखादें भांडें उलटें करून पाहा. बुडाशीं पेढीचा शिक्का असेल, कदाचित् आहेर करणाऱ्याचें नांवही कोरलेलें असेल. ज्या सोनारानें तें घडविलें त्याचें नांव मात्र तेथें सहसा सांपडावयाचें नाहीं. आज ज्या फुलदाणीविषयीं मी बोलणार आहें, तिच्या जातीच्या रुप्याच्या वस्तूंवर तें सांपडतें. आणि कारागिराला असा मान मिळावा म्हणून कांहीं माणसांनीं मुद्दाम एक संस्था काढली होती.

ही फुलदाणी व्हिएन्ना शहरांतील. १९०४ ते १९०६ या सुमारास तेथें अशा अनेक फुलदाण्या तयार झाल्या. वीत-सव्वा वीत उंचीचा एक चौकोनी उभा नळा. त्याच्या चारी भिंती म्हणजे एकसारख्या लहान चौरस छिद्रांची जाळी. आंत पाण्यासाठीं कांचेचें पात्र. एवढेंच. वेलबुट्टी नाहीं, सिंहाचे पंजे नाहींत, गुबगुबीत देवदूत नाहींत. त्या काळीं तेथील सुखवस्तु घरांत चांदी म्हटली म्हणजे बहुधा मागील शतकांच्या राजेशाही नमुन्यांची नक्कल असे. तिच्या शेजारीं ही फुलदाणी एखाद्या इमारतीच्या सांगाड्यासारखी दिसली असेल. त्यांत नवल नाहीं, कारण तिचा आराखडा काढणारा गृहस्थ पेशानें स्थापत्यविशारद होता.

योसेफ होफमान याचा जन्म १८७० सालीं मोराविया प्रांतांतील पिर्निट्स या गांवीं झाला. व्हिएन्नाच्या कलापीठांत तो ओटो वाग्नर याच्या हाताखालीं शिकला. १८९७ सालीं जुन्या कलामंडळांतून फुटून निघालेल्या 'झेत्सेसिऑन' पंथाच्या संस्थापकांत तो होता, आणि १८९९ पासून तो तेथील कलाकौशल्य-शाळेंत शिकवूं लागला. चौकटींच्या कागदावर रेखाटण्याची त्याला संवय. चौरसाचें वेड तर इतकें कीं लोक थट्टेनें त्याला 'चौकड्या होफमान' म्हणत. १९०० सालीं झेत्सेसिऑनच्या आठव्या प्रदर्शनांत ॲशबीच्या इंग्रज कारागीरसंघाचें आणि ग्लासगोच्या मॅकिंटॉश दंपतीचें काम व्हिएन्नाच्या लोकांस पाहावयास मिळालें. त्यानंतर तीन वर्षांच्या आंत, १९०३ सालीं, होफमान व चित्रकार कोलोमान मोझर यांनीं फ्रिट्स वेर्नडोर्फर या कापडधंद्यांतील धनिकाच्या पैशावर 'व्हीनर व्हेर्कश्टेटे', म्हणजे व्हिएन्नाच्या कर्मशाळा, सुरू केल्या. १९०५ पर्यंत तेथें सुमारें १०० माणसें काम करूं लागलीं होतीं, व त्यांपैकीं ३७ जण आपापल्या धंद्यांतील उस्ताद होते.

त्याच वर्षीं संस्थेनें आपला कार्यक्रम छापून प्रसिद्ध केला. त्यांत स्वस्ताईशीं स्पर्धा करण्याचें साफ नाकारलें आहे, कारण स्वस्ताईची किंमत शेवटीं कामगाराला भरावी लागते. कलेच्या दृष्टीनें तांबें सोन्याच्या तोडीचें ठरूं शकतें, असें म्हटलें आहे. आणि कारागिराचें काम चित्रकाराच्या व मूर्तिकाराच्या कामाच्याच मापानें मोजलें जावें, अशी मागणी केली आहे. असल्या मागण्या पत्रकांत पुष्कळदां येतात व पत्रकांतच राहतात. येथें ती धातूवर उमटली. गुलाबफुलाची मुद्रा आणि जोडून लिहिलेलीं दोन अक्षरें या संस्थेच्या खुणा. त्यांच्या जोडीला आराखडा काढणाऱ्याची अक्षरमुद्रा आणि वस्तु घडविणाऱ्याची अक्षरमुद्रा. सरकारी कसाचा छाप, डायना देवीचें मस्तक, तो वेगळाच. योसेफ होस्फेल्ड, कार्ल कालर्ट, आल्फ्रेड मायर, आडोल्फ एर्ब्रिख या रुपेरी काम करणाऱ्यांचीं नांवें आज घेतां येतात तीं या प्रथेमुळें. गंमत अशी कीं योसेफ होफमान आणि योसेफ होस्फेल्ड यांचीं आद्याक्षरें एकच. संग्राहकाला तेथें जरा थांबून पाहावें लागतें.

आतां एक अडचण. जाळीच्या फुलदाणीचा पत्रा हातानें कोरलेला नव्हे. त्याचीं छिद्रें यंत्राच्या ठशानें पाडलेलीं. हस्तकौशल्याचा झेंडा उभारणाऱ्या संस्थेची इतकी ओळखीची वस्तु यंत्राच्या दारांतून यावी, यावर बोट ठेवणें सोपें आहे. मला तो दोष वाटत नाहीं. यंत्र देतें तो सपाट पत्रा. त्याची फुलदाणी व्हावयाची तर तो अशा बेतानें कापला पाहिजे कीं कडेला अर्धें छिद्र येऊं नये, कोपऱ्यावर दुमडतांना ओळ वांकडी होऊं नये, सांधा झाळतांना वितळलेला रस छिद्रांत उतरूं नये. नक्षीदार भांड्यावरची चूक एखाद्या पानाखालीं झांकतां येते. येथें सारें आरपार दिसतें. हाच घाट पांढरा रंग दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्यांतही काढलेला आहे, आणि खरें सांगावयाचें तर तोही रुप्याइतकाच देखणा आहे. तांब्यासोन्याविषयींचें तें वचन संस्थेनें पाळलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हिशेब मात्र जुळला नाहीं. मोझर १९०७ सालीं बाहेर पडला. वेर्नडोर्फरची मालमत्ता संस्थेपायीं संपली व १९१४ सालीं तो अमेरिकेला गेला. नव्या आश्रयदात्यांच्या बळावर कर्मशाळा आणखी कांहीं वर्षें चालल्या आणि १९३२ सालीं त्या मोडीत निघाल्या.

या वस्तु विकत घेणारीं घराणीं धनिक होतीं, आणि त्यांतलीं पुष्कळ ज्यू. वेर्नडोर्फरही ज्यूच. १९३८ सालीं हिटलरच्या जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळला, तेव्हां अशीं घरें लुटलीं गेलीं. जे निसटले ते परागंदा झाले, जे राहिले त्यांतले कित्येक छळछावण्यांत मेले. होफमान व्हिएन्नांतच राहिला, त्या राजवटीचींही कामें त्यानें घेतलीं, आणि १९५६ सालीं तो तेथेंच वारला. फुलदाण्या जगभर विखुरल्या. त्यांच्या बुडाशीं होफमान सांपडतो, होस्फेल्ड सांपडतो. ज्याच्या टेबलावर ती उभी होती त्याचें नांव तेथें नसतें. ऑस्ट्रियानें १९९८ सालीं कलावस्तु परत करण्याचा कायदा केला, आणि तेव्हांपासून सरकारी संग्रहालयांतून तीं नांवें जुन्या दप्तरांत शोधण्याचें काम चालूं आहे.