निकालाच्या दिवशी कोणाकडे जावे?

शाळेचा निकाल लागतो, गुणपत्रिका वाटल्या जातात आणि एखाद्या वर्षी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एका मुलाने जीव दिल्याची बातमी येते. मग वाद सुरू होतो. दोष कोणाचा? शाळेचा, पालकांचा, की त्या मुलाच्या दुबळ्या मनाचा? हा वाद आपल्याला चांगलाच परिचयाचा आहे. पण तो नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात तो थेट मानसशास्त्रज्ञांच्या बैठकीत झाला होता.

एप्रिल १९१० मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषण मंडळाने 'विद्यार्थ्यांच्या आत्महत्या' या विषयावर चर्चा घेतली. चर्चेची सुरुवात कोणी केली असेल? डॉक्टरांनी नव्हे, एका शिक्षकाने! डाविड ओपनहाइम हे व्हिएन्नातील एका माध्यमिक शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवत. चर्चा पुस्तकरूपाने छापली गेली तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. 'अनेकांपैकी एक' अशा अर्थाचे लॅटिन टोपणनाव घेतले. सगळे खापर शाळेवर फोडणे न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

फ्रॉइड यांनी ते ऐकून घेतले, पण शाळेला मोकळे सोडले नाही. विद्यार्थ्यांना आत्महत्येकडे ढकलले नाही एवढ्याने शाळेचे काम संपत नाही, असे त्यांनी सांगितले. घरापासून मन सुटू लागण्याच्या वयात मुलांना आधार देणे आणि जगण्याची ओढ लावणे हेही शाळेचे काम आहे. मुले अजून कच्ची आहेत. काही काळ कच्चे राहण्याचा त्यांचा हक्क शाळेने मान्य केला पाहिजे. मात्र जगण्याची इतकी प्रबळ प्रेरणा नेमकी कशाने हरते, या मूळ प्रश्नाचा निकाल या चर्चेतून लागला नाही, हेही फ्रॉइड यांनी मोकळेपणाने मान्य केले.

ही चर्चा झाली तेव्हा त्याच शहरात व्हिक्टर फ्रांकल नावाचा पाच वर्षांचा मुलगा वाढत होता. शाळकरी वयातच त्याने फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार केला. पुढे तो आल्फ्रेड आडलर यांच्या गटात गेला आणि १९२७ साली मतभेदामुळे तिथून बाहेर पडला. १९२८ च्या सुमारास, वैद्यकीचे शिक्षण अजून पुरे व्हायचे असताना, फ्रांकल यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी सल्ला केंद्रे उभी केली. सल्ला देणारे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ हे काम विनामूल्य करीत, अनेकदा स्वतःच्या घरीच. मुलांना तिथे नाव न सांगता जाता येई.

या केंद्रांच्या लक्षात आले, की निकालाचे दिवस विशेष धोक्याचे असतात. म्हणून १९३० च्या सुमारास गुणपत्रिका मिळण्याच्या काळात खास मोहीम घेण्यात आली. त्यानंतर व्हिएन्नात कित्येक वर्षांनी प्रथमच एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या नोंदली गेली नाही, असे फ्रांकल यांनी पुढे सांगितले. येथे थोडे थांबायला हवे. एका शहरातल्या एका वर्षाच्या आकड्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दुसऱ्या कारणांनीही आकडा खाली येऊ शकतो. पण मोहिमेमागची कल्पना साधी आणि शहाणपणाची होती. संकट कोणत्या दिवशी येणार हे ठाऊक असेल, तर त्या दिवशी दार उघडे ठेवावे.

या कामातून फ्रांकल यांच्यापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला मनाचा आजार होता का? १९३३ साली त्यांनी बेकार तरुणांवर एक लेख लिहिला. या तरुणांच्या मनात एक समीकरण बसले होते: मला काम नाही, म्हणजे मी निरुपयोगी, म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. फ्रांकल यांनी त्यांना युवक संघटना, ग्रंथालये अशा ठिकाणी बिनपगारी काम करायला लावले. खिसा रिकामाच राहिला, पोटातली भूकही तशीच राहिली, पण अनेकांची उदासी हटली. 'मी कशासाठी जगू?' हा प्रश्न प्रत्येक वेळी रोगाचे लक्षण नसतो. माणूस आहे म्हणून पडणाराही तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर डॉक्टरने लिहून द्यायचे नसते. ज्याचे त्याने ते शोधायचे, सल्लागाराने सोबत करायची. यातूनच फ्रांकल यांची 'लोगोथेरपी', म्हणजे अर्थाच्या शोधावर उभारलेली उपचारपद्धती, आकाराला आली.

पुढे नाझी आले. ऑगस्ट १९४२ मध्ये ओपनहाइम यांना आणि सप्टेंबरमध्ये फ्रांकल यांना, ज्यू असल्यामुळे, टेरेझीनच्या छावणीत पाठवण्यात आले. फ्रांकल पुढे आउशविट्झ आणि डाखाउच्या उपछावण्यांतून जिवंत परतले. त्यांचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी मात्र वाचले नाहीत. १९४६ साली त्यांनी छावणीतल्या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक जगभर गेले.

त्या पुस्तकावरून एक सोपा निष्कर्ष काढला जातो: ज्यांना जगण्याचा अर्थ सापडला ते वाचले. याला काही अभ्यासकांनी कडक हरकत घेतली आणि ती रास्त आहे. ओपनहाइम १९४३ साली टेरेझीनमध्येच मरण पावले. आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या या माणसाला जगण्याचा अर्थ सापडला नव्हता, असे कोण म्हणेल? छावणीत कोण वाचले हे बरेचसे नशिबावर ठरले. स्वतः फ्रांकल यांनीही लिहिले आहे, की सर्वांत चांगली माणसे परतली नाहीत. ओपनहाइम यांचे नातू, नीतिशास्त्राचे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी २००३ साली आजोबांवर पुस्तक लिहिले. त्यामुळे 'अनेकांपैकी एक' म्हणवून घेणाऱ्या या शिक्षकाची कथा वाचकांपर्यंत पोहोचली.

वर्गाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. अर्थ शोधायला मदत करणे वेगळे आणि 'तुला अर्थ सापडत नाही, हा तुझाच दोष' असे सुचवणे वेगळे. दुसऱ्या वाक्याने खचलेले मूल आणखी खचते. तसेच प्रत्येक प्रश्न केवळ तात्त्विक समजणेही धोक्याचे आहे. नैराश्य हा आजार असतो आणि त्याला उपचार लागतात. मुलाला काय झाले आहे हे शिक्षकाने एकट्याने ठरवायचे नसते. त्याने ऐकायचे, विचारायचे आणि गरज दिसली तर मुलाला योग्य माणसापर्यंत पोहोचवायचे.

'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. संशोधनातून या भीतीला आधार मिळालेला नाही. उलट, कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटू शकतो. २०२२ पासून भारतात 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

निकालाची तारीख शाळेला आधीच ठाऊक असते. त्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येईल: आज दुपारी मी शाळेतच आहे, कोणालाही येऊन बोलता येईल.