पोरके आणि परके

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम कां-कूं केले. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. ते जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या वऱ्हांड्यात आणि अकोला-अमरावतीच्या वाचनालयांत झाले. परंतु एका सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणे लागतो, आणि ते उत्तर इतिहासातच आहे. म्हणून उभे राहिलो.

२०२० सालची गोष्ट. जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले होते. ऑक्टोबराच्या १० तारखेस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जयंती येते. संघटनेच्या कचेरीत त्या दिवशी त्यांची तसबीर लावावी, असे आमच्या मनात फार दिवसांपासून होते. अकोल्याच्या बाजारातला आमचा एक जुना हमाल सोबती उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, आमचं पोट्टं तिकडं बर्फात उभं हाये, अन् तुमी इथं चीनच्या डाक्टरची तसबीर काहून लावता?"

आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. ज्याचे मूल बंदुकीसमोर उभे आहे, त्याला असे विचारण्याचा पुरता अधिकार आहे. तसबीर त्या दिवशी लागली नाही. मागाहून चहा पिताना आम्ही त्याला कोटणीसांची हकीकत सांगितली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि त्याने एकच विचारले, "डाक्टर मेला तवा लेकरू केवढं होतं? मंग त्याचं काय झालं?"

आम्ही अडखळलो. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट आम्हांला ठाऊक होता. लेकराचे पुढे काय झाले, हे मात्र आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या हमालाने विचारले, म्हणून आम्ही शोधले. जे सापडले ते सांगतो.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष चढाई केली. डिसेंबरात नानकिंग पडले आणि लाखो लोक घरदार सोडून पश्चिमेकडे निघाले. अशा पळापळीत सर्वांत आधी हात सुटतो तो मुलांचा. मार्च १९३८ मध्ये हँकौ शहरी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी एक संस्था निघाली. तिने युद्धाच्या काळात सुमारे तीस हजार मुले सांभाळली, असे सांगतात. आकडा मोठा दिसतो. पण चीनचा विस्तार आणि त्या लढाईचा संहार पाहिला, म्हणजे आसरा न मिळालेली मुले किती असतील याची कल्पनाच करावी.

याच सुमारास चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती जू देह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै १९३८ हे दिवस निधी गोळा करण्यासाठी ठरले आणि बावीस हजार रुपये जमले. आम्ही आयुष्यभर वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत, म्हणून या रकमेचा हिशेब आम्ही आमच्या रीतीने करतो. एकेक आणा धरला तर हे साडेतीन लाख आणे होतात. ज्या देशाच्या गळ्यात स्वतःच्याच गुलामीचा फास होता, त्याने ते दुसऱ्या देशाच्या जखमांसाठी काढून दिले. याला दान म्हणू नये. दान वरून खाली येते. हे तर एका जात्यात भरडल्या जाणाऱ्या दोघांनी एकमेकांना दिलेले होते.

सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख होते डॉ. मदन अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी बंगालचे. वयाने सर्वांत वडील होते आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मल्ल १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला देशी खेळ दाखवून आले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरचा एक वडीलधारा डॉक्टर बाँबच्या वर्षावात निघाला, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

पाचवे डॉ. कोटणीस, सोलापूरचे, वय अवघे सत्तावीस. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १९३० साली तिथल्या लोकांच्या उठावानंतर इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यास फासावर चढविले. त्या वेळी कोटणीस ऐन विशीत होते. परक्या फौजेच्या टाचेखाली गाव कसे दिसते, हे त्यांना चीनला जाऊन शिकावयाचे नव्हते.

पथक कँटनला उतरले तेव्हा सन यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वागतास आल्या होत्या. पुढे हँकौ, मग चुंगकिंग. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीसांना घरून बातमी आली, वडील वारले. मागे आई आणि भावंडे होती. परत जा, असे सोबत्यांनीही सांगून पाहिले. कोटणीस गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते इतरांबरोबर येनानला पोहोचले.

त्यांचे हे करणे योग्य होते काय? आम्ही या प्रश्नाला बगल देऊ इच्छित नाही. चळवळीत पडलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते आणि त्या वाट पाहण्याचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही. कोटणीसांनी परक्यांची लेकरे वाचविण्यासाठी स्वतःच्या घराला पोरके ठेवले. थोर माणसांची चरित्रे सांगताना आपण ही बाजू झाकून ठेवतो. ती झाकू नये.

पथकाची मुदत एका वर्षाची ठरली होती. चोळकर, मुखर्जी आणि मागाहून अटल परतले. कोटणीस व बसू राहिले. कोटणीस जपानी फळीच्या पिछाडीस, उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात गेले. तेथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये, शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विष भिनून मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये संचालक झाले. इस्पितळ म्हणजे आपल्या इर्विनसारखी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. खेड्यातली घरे, देवळे, आणि शत्रू आला की पाठीवर घेऊन पळावयाचा संसार. १९४० च्या मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेवर जखमी त्यांच्याकडे आले आणि साडेपाचशेंवर शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी नोंदी सांगतात. ते चिनी बोलू-लिहू लागले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, पाठ्यपुस्तके लिहू लागले. १९४२ मध्ये ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले.

त्याच मुलखात, १९४० च्या ऑगस्टात, एक प्रसंग घडला. जिंगशिंगच्या कोळसा खाणीवरील लढाईत एका जपानी कुटुंबाच्या दोन मुली आईबापांविना सापडल्या. एक चार-पाच वर्षांची, दुसरी तान्ही. शत्रूचीच लेकरे! चिनी सेनापती न्ये रुंगजेन यांनी त्यांना सांभाळले, खाऊपिऊ घातले, आणि कावडीच्या दोन टोपल्यांत बसवून, सोबत पत्र देऊन जपानी ठाण्यावर पोहोचते केले. तान्ही पुढे दगावली. थोरली जगली. चाळीस वर्षांनी, १९८० साली, तिचा जपानात शोध लागला आणि ती बीजिंगला येऊन त्या म्हाताऱ्या सेनापतीस भेटली. हे न्ये रुंगजेन यांचे नाव ध्यानात ठेवावे. ते आम्हांला पुन्हा लागणार आहे.

आणखी एका परक्याचे नाव येथे घेतले पाहिजे. जॉर्ज हॉग हा ऑक्सफर्डचा इंग्रज तरुण. न्यूझीलंडचे रेवी ॲली यांनी चीनमध्ये कारागिरांच्या औद्योगिक सहकारी संस्था उभ्या केल्या होत्या. त्यांच्या एका शाळेचा तो मुख्याध्यापक झाला. त्या शाळेत पोरकी मुले पुस्तकाबरोबर हातचे कामही शिकत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्ध जवळ आले, तेव्हा साठेक मुलांना घेऊन त्याने बर्फाळ घाटांतून हजारांवर किलोमीटरची वाट तुडविली आणि वाळवंटाच्या कडेला शानदान येथे शाळा पुन्हा मांडली. जुलै १९४५ मध्ये, खेळताना पायाच्या बोटास झालेल्या जखमेतून धनुर्वात होऊन तो गेला. वय तिसाच्या आसपास. मुले वाचली, लस नव्हती म्हणून मास्तर गेला.

आणि ही वाट एकाच बाजूने वाहिली नाही. सोलापूरचा मुलगा चीनच्या मातीत गेला, त्याच्या पुढल्याच वर्षी, १९४३ मध्ये, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बहुतेक बायका आणि मुले, कित्येक पोरकी. १९४८ पर्यंत ती तेथे राहिली. पंचगंगेच्या काठी वाढलेली ती मुले म्हातारपणी दूरदेशाहून कोल्हापूर पाहावयास येत. त्यांना ते परके गाव वाटत नसे.

आता आमच्या सोबत्याच्या प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणीसांनी ग्वो चिंगलान या शुश्रूषाशास्त्र शिकविणाऱ्या चिनी तरुणीशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले सेनापती न्ये रुंगजेन यांनी: यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शत्रूच्या मुलींना कावडीत घालून घरी धाडणाऱ्यानेच आपल्या सोलापूरकराच्या मुलाचे बारसे केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेगुंग खेड्यात अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

ते मूल आईने आणि त्या लोकांनी वाढविले. बापासारखेच ते वैद्यक शिकू लागले. परंतु शिक्षण पुरे होण्याआधीच, १९६७ साली, पंचविशीही न गाठता यिनहुआ वारला. ग्वो चिंगलान त्यानंतर पुष्कळ जगल्या. त्या भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ साली गेल्या. गोड शेवट आमच्यापाशी नाही. इतिहास तो पुरवीत नाही.

मग १९६२ चे काय? गलवानचे काय? त्या जखमा खऱ्या आहेत आणि कोटणीसांच्या नावाने त्यांवर पांघरूण घालावे, असे आम्हांला वाटत नाही. राज्ये वैर धरतात, सीमेसाठी लढतात. आणि आपल्या सीमेवर आपलाच मुलगा उभा राहणार. पण पोरके झालेले मूल कोणत्याही राज्याचे नसते. त्याला पहिला हात देणारा पुष्कळदा परकाच असतो, कारण आपले म्हणावेत ते आधीच मारले गेलेले असतात. जिंगशिंगच्या मुली, शानदानची पोरे, वळिवड्याची मुले, सर्वांची साक्ष हीच आहे. ज्या राष्ट्राला ही गोष्ट कळते, त्याचा शिपाई दुबळा होत नाही. न्ये रुंगजेन यांनी त्या मुली परत धाडल्या आणि लढाई तशीच चालू ठेवली.

वऱ्हाडात बसून हे सर्व का आठवावे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे तोफ धडाडली नाही. पण कपाशी बुडाली, कर्ज फिटले नाही आणि बापाने फास घेतला, अशी घरे या दोन जिल्ह्यांत किती आहेत ते येथे बसलेल्यांना सांगावयास नको. तिथली लेकरेही पोरकीच. त्यांचे नाव आपण आकड्यात घालतो, आणि आकड्याला बारसे नसते.

आमच्या कचेरीत अशा मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी एक पेटी आहे. यिनहुआची हकीकत आम्ही आमच्या सोबत्याला सांगितली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून पेटीत टाकली, आणि भिंतीकडे पाहून विचारले, "खिळा कुठं ठोकाचा, भाऊ?"