तापकीर गल्लीतून ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी डब्यावरचा ‘जीबी’ वाचा

इलेक्ट्रॉनिक्सची खरेदी म्हटलं की पुणेकरांची पावलं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीकडे वळतात. गेमिंगसाठी पीसी जुळवायचा असेल, तर बजेटचा सगळ्यात मोठा घास ग्राफिक्स कार्ड घेतं. मग मधल्या किमतीतलं कोणतं कार्ड घ्यावं?

सध्याची लढत मुख्यतः दोघांत आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये आलं, मेमरी ८ जीबी, अमेरिकेतली जाहीर किंमत २९९ डॉलर. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी त्यानंतर जूनमध्ये आलं. त्याच्या ८ जीबीची किंमत २९९ आणि १६ जीबीची ३४९ डॉलर. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि दुकानदाराचं मार्जिन धरा. (एनव्हिडियाचं ऑफिस पुण्यातही आहे, पण त्याने कार्ड स्वस्त मिळत नाही!)

खरी गोम या जीबीमध्ये आहे. गेममधली दृश्यं, म्हणजे भिंती, चेहरे, झाडं, कार्डच्या स्वतःच्या मेमरीत भरली जातात. ती भरली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावा लागतो आणि गेम अडखळतो. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण ऐन मोक्याला झटका बसतो. व्हॅलोरंट किंवा सीएस २ खेळणाऱ्याला फुल एचडी मॉनिटरवर ८ जीबी पुरून उरतं. पण डिसेंबर २०२४ मधल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या गेमची किमान गरजच ८ जीबीची होती. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर १६ जीबीसाठीचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

पीसी जुना असेल तर आणखी एक अडचण. ५०६० मदरबोर्डशी आठच लेनने जोडलं जातं. पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर हा रस्ता अरुंद होतो, आणि मेमरी भरल्यावर ते जास्तच जाणवतं. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत.

जाहिरातीतल्या एफपीएसच्या आकड्यांना मात्र भुलू नका. त्यातल्या बऱ्याच फ्रेम एआयने मधेमधे घातलेल्या असतात. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद तेवढा वेगवान होत नाही.

सेकंडहँडमध्ये २०२१ चं आरटीएक्स ३०६० १२ जीबी अजूनही विचारात घेण्यासारखं आहे. मात्र याच नावाने पुढे ८ जीबीचं, कमी वेगाच्या मेमरीचं कार्डही निघालं, तेव्हा नीट तपासा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली अनेक कार्डं बाजारात आली. म्हणून दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघा.

नवं घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर मागा, वॉरंटीच्या वेळी त्याचीच गरज पडते. आणि एसएमपीएस? ५०६० साठी कंपनी ५५० वॉटचा सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर हे कार्ड लावू नका.